गुडघ्यामुळे खेळणं बंद झालं, आता मुलींच्या कोचिंगमध्ये पूर्ण वेळ उतरू का? (मुंबई)

वडाळा_नंबर_सहा
नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय २८. अँटॉप हिलला वाढले. बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांबरोबर खेळायला लागले तेव्हा अकरा वर्षांची होते, शाळेत मुलींची टीमच नव्हती त्यामुळे दहावीपर्यंत माझ्याकडे फुटबॉलचं एकही सर्टिफिकेट नाही. कॉलेजला आल्यावर पहिल्यांदा एका बाजूला अकरा मुली उभ्या बघितल्या. तिथून पुढे युनिव्हर्सिटी, मुंबईची विमेन्स लीग, एकदा महाराष्ट्राच्या कॅम्पला बोलावणं आलं पण फायनल लिस्टमध्ये नाव नव्हतं. डिफेन्सिव्ह मिडफील्डला खेळायचे, म्हणून नंबर सहा.

चोविसाव्या वर्षी एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. कोणी धक्कासुद्धा मारला नव्हता, नुसती वळले आणि गुडघ्यात आतून टक् असा आवाज आला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. ऑपरेशन, नऊ महिने फिजिओ, परत उभी राहिले, दीड सीझन खेळले आणि मग त्याच गुडघ्याचं मेनिस्कस, म्हणजे आतली गादी. डॉक्टर म्हणाले चालणं, जिने, हलकं जॉगिंग सगळं होईल पण पटकन वळायचा खेळ आता नको. मागच्या जूनमध्ये स्टड घासून धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळून ते बूट माळ्यावर ठेवून दिले.

नोकरी अंधेरीला, इन्शुरन्स क्लेमचं बॅक ऑफिस, साडेदहा ते साडेसहा. शनिवार-रविवार सकाळी साडेसहाला घराजवळच्या मैदानात मुलींना शिकवते, फुकट. सुरुवातीला चार होत्या, आता बावीस आहेत. त्यातल्या एकीच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी बघितलं आणि शाळेकडून विचारणा आली, आठवड्यातून चार दिवस, तीन ते साडेपाच, अंडर-१२ आणि अंडर-१४ मुलींच्या टीम मी बघायच्या. पैसे आत्ताच्या पगाराच्या अर्ध्यापेक्षा थोडे जास्त. हो म्हटलं तर ऑफिस सोडावं लागणार, दोन्ही वेळा जुळतच नाहीत.

आई म्हणते हौस फिटली ना, आता नोकरी नीट कर. बाबा काही बोलत नाहीत, पण शोकेसमधल्या माझ्या ट्रॉफ्या दर रविवारी तेच पुसतात.

मला विचारायचंय की मुंबईत मुलींच्या फुटबॉल कोचचं घर चालतं का. लायसन्स कुठून सुरू करायचं. बाई कोचला पुढे मोठ्या टीम देतात का, की जन्मभर अंडर-१० च सांभाळायचं. आणि खरं सांगते, माझ्या मनात असं बसलंय की कोचिंगला जाणं म्हणजे खेळातून बाद झाल्यावर स्वतःची समजूत घालणं. हे कसं काढायचं मनातून ते पण कोणी सांगितलं तर बरं होईल.

शिट्टी_आणि_कोन
अगं तुझी पोस्ट वाचून लोकलमध्ये डोळे भरून आले, माझं पण एसीएलच होतं, डावं.

मी अकरा वर्षं कोचिंग करतेय, बी लायसन्स झालंय. आधी पैशाचं सांगते कारण आपल्याकडे तेच कोणी सांगत नाही. एका शाळेवर घर चालत नाही. बहुतेक जणींचं असं असतं की दुपारी शाळा, संध्याकाळी एखादी अकॅडमी, सकाळी एक-दोन पर्सनल सेशन, आणि शनिवार-रविवार मॅचेस. तीन ठिकाणचे मिळून माझा पगार होतो आणि आता तो बरा होतो, पण पहिली तीन वर्षं फार ओढाताण झाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळेला आधी विचार की पगार बारा महिन्यांचा की दहाच. पहिल्या शाळेत मी हे विचारलंच नाही आणि एप्रिल संपल्यावर कळलं की सुट्टीत काही नाही, मे महिन्यात भाडं द्यायला बहिणीकडून घेतले. त्या शाळेचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी सगळं लेखी घेते. पाऊस पडून प्रॅक्टिस रद्द झाली तर पैसे कापणार का, मॅचच्या दिवशीचं प्रवासभाडं कोण देणार, मुलीला लागलं तर हॉस्पिटलला कोण नेणार, फर्स्ट एड बॅग कोणाची, हे सगळं कागदावर.

लायसन्सचं म्हणशील तर फेडरेशनचं डी लायसन्स, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. मध्ये मध्ये अनुभव दाखवावा लागतो, सलग उड्या मारता येत नाहीत. आपल्याकडे डीचे कोर्स विफा, म्हणजे आपल्या राज्याची फुटबॉल संघटना घेते, कूपरेजला ऑफिस आहे त्यांचं, साइटवर लक्ष ठेव, जागा भराभर जातात.

आता डीच्या कोर्समधला माझा प्रसंग सांगते, कारण तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. मी टीममध्ये चांगली शूटर होते, त्यामुळे मला वाटत होतं हे तर डाव्या हाताचा मळ. फिनिशिंगचं, म्हणजे गोल मारण्याचं सेशन घेतलं, दोन रांगा लावल्या, मी स्वतः तीन-चार मस्त गोल मारून दाखवले, सगळे बघतायत, मी खूश. संपल्यावर इन्स्ट्रक्टरनी एकच विचारलं, रांगेत शेवटून दुसरी उभी होती तिने दहा मिनिटांत बॉलला किती वेळा पाय लावला? मला माहीतच नव्हतं. त्यांनी मोजलं होतं. पाच वेळा. दहा मिनिटं आणि पाच टच, बाकी वेळ ती नुसती उभी होती आणि बॉलला सगळ्यात जास्त पाय माझे लागले होते.

त्या दिवशी मला कळलं की खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं मला येत नाही, मला ते पहिल्यापासून शिकायचंय. आणि शिकायला मिळतंय म्हटल्यावर ते बाद झाल्याचं फीलिंग हळूहळू गेलंच. तू शनिवारी एवढंच करून बघ. बावीस मुलींना दोन रांगांत उभं करू नको, पाच-पाचच्या चार छोट्या टीम कर, छोटे गोल, राहिलेल्या दोघींना दोन्ही बाजूंना जोडून टाक, आणि कोणातरी एकीवर नजर ठेवून तिचे टच मोज.

मोठ्या टीमचं म्हणशील तर... मिळतात पण मागाव्या लागतात. एका अकॅडमीत पाच वर्षं मला "तू छोट्यांना छान सांभाळतेस" म्हणून अंडर-८ वर ठेवलं, माझ्यानंतर आलेल्या, माझ्यापेक्षा कमी लायसन्सवाल्या मुलाला अंडर-१७ दिली. मी सोडली ती जागा. राग अजून आहे. छोट्यांना शिकवणं कमी नाही, उलट कठीण आहे, पण कोणी तुला सांभाळणारी म्हणून तिथे ठेवत असेल तर लवकर ओळख.

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक
मी खेळाडू नाही, नुसता बघणारा. रोव्हर्स कपचे सामने बघायला वडिलांबरोबर कूपरेजला जायचो तेव्हापासून बघतोय, आता सत्तरीला आलो. शिट्टीताईंनी कामाचं सांगितलंच आहे, मी फक्त बेटा तुझ्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल लिहितो कारण ते वाचून वाईट वाटलं.

मुलींचं फुटबॉल आपल्याकडे आत्ता सुरू झालं असं लोकांना वाटतं. १९७५ साली महिलांचं वेगळं फेडरेशन झालं होतं, त्यानंतर कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत दुसरा आला आणि १९८३ ला पुन्हा दुसरा. आशियात दुसरा! शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला पहिला. त्यानंतरचा दुसरा कधी मिळाला ठाऊक आहे? २०१७ ला, बेंबेम देवींना. चौतीस वर्षं. या चौतीस वर्षांत खेळल्या त्या मुलींचं काय झालं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. बहुतेक जणी लग्न करून, नोकरी धरून मैदानापासून लांब गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांना जे येत होतं ते पण गेलं. पुढच्या पोरींना हातात धरून सांगायला कोणी राहिलंच नाही, दर पिढीने शून्यातून सुरू करायचं.

बेंबेम देवी लहानपणी इंफाळला मुलांबरोबरच खेळायच्या, तुझ्यासारखंच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन थांबल्या आणि कोचिंगकडे वळल्या, २०२० ला पद्मश्री. गोव्याच्या मेमॉल रॉकी स्वतः भारताकडून खेळलेल्या, २०१७ ते २०२१ भारताच्या सीनियर टीमच्या हेड कोच होत्या, त्यांच्या काळात २०१९ साली बिराटनगरला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा जिंकली आणि डिसेंबरमध्ये पोखराला दक्षिण आशियाई सुवर्ण, दोन्ही वेळा फायनलला नेपाळला त्यांच्याच घरी हरवून. तेव्हा मोठी टीम बाईला देतात का याचं उत्तर आहे, दिलेली आहे आणि तिने जिंकून दाखवलंय.

आणि एक, हे तर आपल्या दारात झालं. फेब्रुवारी २०२२, महिला आशियाई कपची फायनल, नेरूळचं डी. वाय. पाटील. मी टीव्हीवर बघितली. चीन विरुद्ध दक्षिण कोरिया, हाफ टाइमला चीन ०-२ ने मागे. चीनच्या कोच श्वे चिंगश्या, या बाई स्वतः चीनच्या जुन्या मिडफिल्डर, १९९१ च्या पहिल्या वर्ल्ड कपला खेळलेल्या, १९९६ च्या ऑलिंपिकला रौप्य मिळवलेल्या टीममध्ये होत्या. काही महिन्यांपूर्वीच टीम हातात आलेली, ती पण कशी, टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सकडून ८-२ खाऊन आलेली. सेमीफायनलला पुण्यात, बालेवाडीत, जपानला पेनल्टीवर काढून इथवर आलेल्या. दुसऱ्या हाफला पेनल्टीवर एक, चारच मिनिटांनी बरोबरी, आणि इंज्युरी टाइममध्ये बदली म्हणून उतरवलेल्या श्याव युयीने तिसरा मारला. ३-२. मी खुर्चीतून उठलो होतो. बदली कोणाला उतरवायची, कधी उतरवायची हे त्या बाईंनी ठरवलं, आणि ती मुलगी गोल मारून गेली. पायात बॉल नव्हता त्यांच्या, पण तो सामना त्या खेळल्याच की.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथेच अंडर-१७ मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेन १, कोलंबिया ०. तिला मी नातीला घेऊन गेलो होतो. आपल्या मुली त्या स्पर्धेत अमेरिकेकडून ८-० हरल्या, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. नातीने विचारलं आबा आपल्या का हरल्या? मी तिला सांगितलं की समोरच्या मुली सहाव्या वर्षापासून नीट शिकतायत. आपल्याकडे सहाव्या वर्षी शिकवायला कोण आहे? तू आहेस ना वडाळ्याला.

गोलकीपरचे_बाबा
मी आजपर्यंत इथे फक्त शूजच्या साइझबद्दल विचारलं असेल, पण या विषयावर लिहावंसं वाटलं. आम्ही भांडुपला राहतो, मुलगी तेरा वर्षांची, गोलकीपर.

आधीचे कोच सर चांगले होते, अगदी मनापासून शिकवायचे, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण मागच्या वर्षी मुलीने अचानक जायचं बंद केलं. पोट दुखतंय, अभ्यास आहे, आज नको, रोज काहीतरी. आम्हाला वाटलं कंटाळली. हिच्या आईने खोदून विचारलं तेव्हा कळलं की मैदानावर टॉयलेट नाही, पाळीच्या दिवसांत दोन तास तिथे काढायचे म्हणजे तिला धस्स व्हायचं आणि सरांना सांगायची लाज वाटायची. एवढंच कारण होतं. आणि त्या एवढ्या कारणासाठी तिचं खेळणं कायमचं सुटणार होतं.

त्यानंतर तिथे एक ताई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून मुलींना क्लब हाउसचं टॉयलेट वापरायची परवानगी घेतली. त्यांच्या बॅगेत पॅड असतात, एक काळी ट्रॅक पॅंट जास्तीची असते. मुलींना सांगून ठेवलंय की ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी नुसतं "ताई आज स्लो" एवढं म्हणायचं, कारण नाही विचारणार. मुलगी पुन्हा जायला लागली. मागच्या महिन्यात टीम पुण्याला दोन दिवस मुक्कामी गेली, सोसायटीतल्या अजून दोघींच्या घरून परवानगी मिळाली ती फक्त ताई बरोबर आहेत म्हणून. त्यातल्या एकीची आजी तर म्हणाली, बाई आहे ना बरोबर, मग जाऊ दे.

तेव्हा ताई, तुम्हाला आम्ही पालक काय नजरेने बघतो ते सांगितलं. आणि फुकट शिकवू नका हो. महिन्याला थोडी फी ठेवा, ज्यांना जमत नाही त्यांना सोडा. आम्ही ट्यूशनला देतो, चित्रकलेला देतो, फुटबॉलला द्यायला काय हरकत आहे?

कल्याण_फास्ट
मी वेगळं सांगणार आहे, रागावू नको.

मी रेल्वेत आहे, स्पोर्ट्स कोट्यातून लागले, फुटबॉलवरच. ट्रायल दिली, सर्टिफिकेटं दाखवली, नोकरी मिळाली, आज घराचा हप्ता त्याच्यावर चालतो. माझ्याबरोबर खेळलेल्या आणि माझ्यापेक्षा खूप चांगल्या असलेल्या दोघी आज काहीच करत नाहीत कारण त्यांनी वेळेत फॉर्म भरले नाहीत. म्हणून माझं पहिलं म्हणणं, तुझी युनिव्हर्सिटीची आणि लीगची जी काही सर्टिफिकेटं आहेत ती बाहेर काढ, झेरॉक्स कर, कोणत्या स्पर्धेचं कुठे चालतं ते विचार. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, स्पर्धा कोणत्या लेव्हलची आणि तुझा नंबर काय यावर ठरतं, क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तू बसतेस की नाही ते मला नाही सांगता येणार पण विचारल्याशिवाय सोडू नको.

दुसरं, शाळेतच राहायचं असेल तर बी.पी.एड. चा, म्हणजे पीटी टीचरच्या डिग्रीचा विचार कर. दोन वर्षं जातात, पण अनुदानित शाळेत पीटी टीचर म्हणून कायम लागायचं तर लायसन्स पुरत नाही, ते लागतं. लायसन्सवर तुला अकॅडमी घेईल, क्लब घेईल, कॉन्ट्रॅक्टवर शाळा घेईल, पण पेन्शन-पीएफवाली जागा वेगळी.

आणि हे काही खालच्या दर्जाचं नाही हां. सरिना विगमन माहितीय ना, इंग्लंडच्या कोच. नेदरलँड्सकडून शंभराच्या आसपास मॅचेस खेळलेली बाई, आणि खेळत असतानाच हेग शहरात शाळेत पीटी शिकवायची, कारण फुटबॉलवर तेव्हा तिथे पण घर चालत नव्हतं. लहानपणी मुलांच्यात खेळता यावं म्हणून तिने केस बारीक कापले होते. तीच पुढे २०१७ ला नेदरलँड्सला युरो जिंकून देते, २०२२ ला इंग्लंडला, २०२५ ला पुन्हा इंग्लंडला. तरी पण बघ, २०२३ च्या वर्ल्ड कपला बत्तीस टीम होत्या आणि त्यात बाई हेड कोच फक्त बारा. म्हणजे जागा आपोआप कोणी देत नाही, तिकडे पण नाही.

माझी खंत पण सांगते. नोकरी लागल्यावर मी बारा वर्षं बॉलला हात लावला नाही. संध्याकाळी दमून यायचे, उद्या बघू, उद्या बघू. मागच्या वर्षी डी लायसन्स केलं, वय एकेचाळीस, कोर्समध्ये सगळे पंचविशीचे. हाफ टर्नवर, म्हणजे अर्धं वळून बॉल कसा घ्यायचा ते एका मुलीला दाखवलं आणि तिने दुसऱ्याच वेळी बरोबर घेतला, तेव्हा इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत मी ट्रेनमध्ये कोणाशी बोलले नाही. बारा वर्षं आधी करायला हवं होतं. तर नोकरी सोडायची घाई नको पण कोर्सला उशीर पण नको. रजा टाक आणि डी करून ये.

वडाळा_नंबर_सहा
सगळ्यांना एकदम उत्तर देतेय, ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत तीन वेळा वाचलं सगळं. काका, तुम्ही श्याव युयीचं लिहिलंत ना, ती मॅच मी पण बघितली होती, पाय स्टूलवर ठेवून, गुडघ्यावर बर्फ लावून, आणि तेव्हा माझं सगळं लक्ष मिडफिल्डरांच्या पायांकडे होतं. बेंचवर कोण बसलंय ते मी बघितलंच नव्हतं.

शिट्टीताई, एकच भीती, गुडघ्यामुळे मला नीट करून दाखवता येत नाही. टॅकल नाही, जोरात वळणं नाही. मुली हसतील का?

शिट्टी_आणि_कोन
नाही हसत गं. सगळ्यात छान करणारी मुलगी पुढे बोलव, तिच्याकडून करवून घे, तू बाजूला उभी राहून बोल. मुलींना आपल्यातलीच एक करतेय म्हटल्यावर जास्त पटतं. इंग्लंडची कोच एमा हेज, तिचं खेळायचं करिअर तर सतराव्या वर्षीच घोट्याच्या दुखापतीने संपलं, आणि २०२४ ला अमेरिकेला ऑलिंपिक गोल्ड तिने मिळवून दिलं.

उलट तुझा गुडघा तुझ्या कामाचा आहे. मुलींमध्ये एसीएल मुलांपेक्षा जास्त जातं, वयात येताना उंची वाढते, कंबर रुंद होते, आणि उडी मारून खाली येताना गुडघे आत पडतात, ते कोणी बघतच नाही. फिफाचा इलेव्हन प्लस म्हणून वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, बॉलशिवाय काही लागत नाही. हळू पळणं, प्लँक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, शेवटी वेगाने पळून दिशा बदलणं. आठवड्यातून दोनदा तरी झालाच पाहिजे. माझ्या मुली आधी कंटाळायच्या, मग मी ट्रॅक पॅंट वर करून ऑपरेशनची खूण दाखवली आणि म्हटलं हे नको असेल तर करा. त्या दिवसापासून एक पण कुरकुर नाही. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या सरळ रेषेत आहे का ते एकेकीचं समोर उभं राहून बघ, तुला लगेच दिसेल, कारण तुझा गेलाय.

वडाळा_नंबर_सहा
अपडेट देतेय, आज रविवार.

शनिवारी चार टीम केल्या, दोन छोटी ग्राउंडं आखली, गोल म्हणून पाण्याच्या बाटल्या. एक मुलगी आहे, चौथीतली, नेहमी रांगेत मागे जाऊन उभी राहते, तिचे टच मोजले. दहा मिनिटांत सदतीस. सदतिसावा गोल होता, बाटली पाडून. तिला स्वतःलाच कळेना काय झालं, ती पळत माझ्याकडे आली आणि माझ्या हाताला धरून उभी राहिली. आज इलेव्हन प्लस केला. बावीसपैकी नऊ जणींचे गुडघे आत पडतायत. नऊ! वहीत नावं लिहून ठेवलीत.

शाळेत जाऊन आले. बारा महिन्यांचं विचारलं, ट्रस्टींशी बोलून बुधवारी सांगतो म्हणाले. मी म्हटलं तोपर्यंत शनिवारी सकाळी शाळेच्या टीमला घेते, माझ्या मुली रविवारी आणि एक दिवस ऑफिसला जायच्या आधी. डीच्या पुढच्या कोर्सची चौकशी पण केली आणि ऑफिसमध्ये रजेचं बोलून ठेवलंय. सर्टिफिकेटं काढायला माळ्यावर चढले होते, बाबांनी शिडी धरली. फाइलबरोबर स्टड पण खाली घेतले, पाचवीतल्या एकीला तीन नंबर मोठे होतात, तिची आई म्हणाली राहू दे, येतील दोन वर्षांत.

कोणाकडे साइझ ४ चे जुने बॉल पडून असतील तर सांगा, माझ्याकडे सहाच आहेत आणि त्यातले दोन हवा धरत नाहीत. वडाळा, दादर, कुर्ला कुठेही येऊन घेऊन जाईन. बिब, म्हणजे टीम ओळखायला वरून घालायची जाकिटं पण चालतील, दोन रंगांच्या असल्या तर बरं.

गोलकीपरचे_बाबा
आमच्याकडे चार आहेत साइझ ४ चे, चांगले आहेत, मुलगी आता ५ ने खेळते. शनिवारी दादरला येतोय, पूल उतरल्यावर कबुतरखान्याकडे साडेदहाला भेटू का? पंप पण आणतो, आमच्याकडे दोन आहेत.